चिचबोडीच्या तलावाची दुसरी नळी

मृदंगवाले बुवा, जरा हात आवरा. ऐका मंडळी! आज एक प्रश्न घेऊन उभा आहे.

माणसाला स्वतःच्या नावाची हौस किती? दारावर नाव, गाडीवर नाव. देवळाला पंखा दिला, तर त्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव! पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून काही जण तो फिरूच देत नाहीत! हसता काय? तुमच्याच गावात पाहिलंय मी.

पण आता ही हौस कुठवर गेली बघा. या पृथ्वीचंही एक पंचांग आहे. ते कागदावर नाही, खडकात आहे, गाळात आहे. थरावर थर, थरावर थर! एक थर म्हणजे एक काळ. शेवटचं हिमयुग सरलं, तेव्हापासूनचा जो काळ चालू आहे, त्यात तुम्ही-आम्ही बसलोय. आणि काही विद्वान म्हणाले, हा काळ संपला! माणसानं एवढं खणलं, एवढं जाळलं, एवढं प्लास्टिक केलं, की आता नवा थर पडतोय. त्याला माणसाचं नाव द्या. मानवयुग!

मग सांगा, हा मान की हा डाग? आणि हे नाव माणसाला द्यावं का? लगेच माना हलवू नका. आधी गोष्ट ऐका.

भंडाऱ्याकडचा मुलूख. गावोगावी जुने तलाव, भाताची शेतं. तिथं चिचबोडी नावाचं गाव. त्या गावात ढीवर समाजाची वस्ती, म्हणजे मासेमारी करणारी माणसं. त्यांची पुढारीण पार्बताबाई नान्हे. बाई कशी? आवाज असा, की या काठावरून बोलली तर त्या काठावरची म्हैस मान वर करायची!

गावाच्या वर एक कारखाना होता. कोळसा जाळायचा, राख नाल्यात सोडायचा. नाला कुठं जायचा? तलावात! पाणी काळं पडलं. एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगले, काठ भरून! गाव हादरलं. बायका पार्बताबाईच्या मागं उभ्या राहिल्या. मोर्चे काढले, नाल्यात आडव्या बसल्या. शेवटी कारखाना बंद झाला. मग त्याच बायका तलावात उतरल्या, पाण्यात माजलेली बेशरमाची रानटी झुडपं उपटली आणि दुसऱ्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. वर्षानुवर्षं!

पण भीती? भीती कुठं उपटता येते? मासे दिसायला लागले, तरी कुणी खाईना. बाजारात नाव ऐकलं की गिऱ्हाईक पाठ फिरवायचं, "चिचबोडीचे? नको बाप्पा!" पुरुष विटाभट्टीवर गेले. आणि ग्रामपंचायतीत विषय आला, की तलाव विषारी आहे, बुजवून टाका. वर बाजार-ओटे बांधू!

तेव्हा गावात आल्या डॉक्टर मंदाकिनी पेंढारकर. सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, भूगर्भशास्त्राच्या. सुई टोचायच्या, पण पृथ्वीला! लांब नळी तलावाच्या तळात रोवायची, गाळ अखंड वर काढायचा, काकडीसारखा उभा चिरायचा आणि थर वाचायचे. मानवयुग हवं म्हणणाऱ्यांतल्या त्या. थोड्याच दिवसांत मोठी परिषद होती, तिथं पुरावा मांडायचा होता. सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमचा अहवाल येऊ द्या, मग ग्रामसभेत ठरवू."

म्हणजे बघा! बाईंना हवा होता काळा थर. गावाला हवा होता तलाव. गाळ मात्र एकच!

पार्बताबाईंनी स्वतः डोंगा वल्हवला. म्हणाल्या, "बाई, मले शास्त्र समजत नाई. इख हाये का नाई, तेवढं खरं सांगा. हाये म्हणाल तर मीच पयली माती टाकीन."

"आणि नसेल तर?"

पार्बताबाईंनी तलावाच्या मध्यावर नजर लावली. वल्हं मारत राहिल्या.

पहिली नळी काढली नाल्याच्या तोंडाशी. चिरली, आणि काय! खाली मातकट गाळ आणि वर राख, काजळी, प्लास्टिकचे तुकडे. अगदी वरपर्यंत काळंच काळं! इतका स्पष्ट पुरावा कुणाला मिळतो? बाईंचा सहकारी श्रीवर्धन फोनवर नाचायलाच लागला. "मंदाताई, काम झालं! हीच दाखवा. मानवयुगाचा फोटोच आहे हा!"

बाई म्हणाल्या, "अजून तलावाच्या मधली बाकी आहे."

"कशाला? वेळ कुठाय?"

मंडळी, आपल्या मनासारखं उत्तर मिळालं, की दुसऱ्यांदा विचारायला कोण जातं? आपण डॉक्टरांना विचारतो, "साखर खाऊ का?" थोडी चालेल म्हणाले, की पुढचं वाक्य ऐकूच येत नाही!

पण बाई गेल्या. तलावाच्या मधोमध दुसरी नळी रोवली, वर काढली, प्रयोगशाळेत नेली, चिरली. खाली मातकट. मग काळा थर. आणि त्याच्यावर? पुन्हा मातकट! त्या गाळात गोगलगायींचे इवले शंख, पाणवनस्पतींच्या बिया! काळा थर मध्येच थांबला होता. त्याच्यावर जीव परत आला होता!

बाई खुर्चीत बसून राहिल्या. आनंद व्हायला हवा ना? पण आधी स्वतःचेच शब्द आठवले. आयुष्यभर सांगत आल्या होत्या, की माणसाचा थर म्हणजे न पुसणारा थर. श्रीवर्धन फोनवर म्हणाला, "दुसरी नळी बाजूला ठेवा ना. खोटं थोडंच बोलतोय? पहिली खरीच आहे."

पहिली खरीच होती! अर्धं खरं किती सोयीचं असतं, मंडळी! त्याला ना खोट्याची लाज, ना पुऱ्या खऱ्याचं ओझं.

बाईंनी विचारलं, "श्रीवर्धन, मी काय शोधत होते रे? काळा थर, की खरं काय झालं ते?" फोन ठेवला आणि गाळ, पाणी, मासे सगळ्याची जड धातूंसाठी तपासणी लावली.

ग्रामसभा भरली. बाजार-ओटेवाले पुढच्या रांगेत. पार्बताबाई खांबाला टेकून उभ्या. मंदाबाईंनी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या.

म्हणाल्या, "नाल्यातली जुनी राख पावसात अजून वाहून येते, म्हणून नाल्याच्या तोंडाशी विष आहे. तो गाळ काढून पक्क्या खड्ड्यात बंद करावा लागेल. तोवर तिथं जाळं टाकू नका. पण मधला तलाव सावरलाय. पाणी तपासलं, मासे तपासले. काजळी अजून थोडी पडते, प्लास्टिकचे बारीक धागे आहेत, ते मी लपवणार नाही. पण तलाव मेलेला नाही. तो बुजवू नका."

पार्बताबाईंचा तो दांडगा आवाज, पण निघेचना! हळूच विचारलं, "मंग... मासे खाता येतीन?"

"मधले येतील."

पार्बताबाई खांबाशीच खाली बसल्या. पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. किती वर्षांचं अडकलेलं ते! मागच्या बायका आधी रडल्या, मग हसायला लागल्या, मग कोण रडतंय कोण हसतंय कळेना! सरपंचांनी तलाव बुजवायचा विषय मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या पाण्यातली मरळ शिजली, भात शिजला. मी माळकरी माणूस, रश्श्याचं वर्णन माझ्या तोंडून होणार नाही! पण पहिला घास कुणी खाल्ला? मंदाबाईंनी! पार्बताबाई बघत होत्या. बाईंनी काटा काढला, घास गिळला, दुसरा घेतला. तेव्हा पार्बताबाईंनी ताट पुढं ओढलं.

मग परिषदेत काय झालं? बाईंनी दोन्ही नळ्या दाखवल्या. एकानं टोमणा मारला, "तुम्ही तर स्वतःचाच दावा कमजोर केलात." बाई म्हणाल्या, "हो. आणि किती दिवसांनी मला शांत झोप लागली!" पुढं जगातल्या विद्वानांच्या मंडळात त्या नव्या युगावर मतं पडली. बहुमत म्हणालं, नको, एवढ्यात नको. वाद अजून चालू आहे, चालू दे!

पण मंडळी, सुटका झाली म्हणून पाय पसरू नका! विद्वान नाही म्हणाले, म्हणून नाल्यातली राख पांढरी झाली का? चिचबोडीचा गाळ आपोआप मातकट झाला नाही. बायका चिखलात उतरल्या, तेव्हा झाला.

आता माझ्याकडे बघा. मघाशी विचारलं होतं, मान की डाग? ते आपण मागं काय टाकून जातो, त्यावर ठरतं. तो बाहेर महाप्रसाद तयार आहे. थर्माकोलच्या पत्रावळ्या मी येतानाच पाहिल्या. जेवण झाल्यावर त्या जाणार कुठं? बोला! ... माना खाली का गेल्या? मागच्या ओढ्यात, हो ना?

मग ऐका. पळसाची पानं गावात आहेत, पोरीबाळींचे हात आहेत, अर्धा तास मीही पत्रावळी लावायला बसतो. भूक लागली असेल तर लागू द्या, देवालाही जरा थांबवू. चला, कोण पानं आणतंय? आणि मृदंगवाले बुवा, आता वाजवा! हात चालले पाहिजेत!