आत्याने आखलेले डोळे

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्याची वेबसाइट झाली, तेव्हाची गोष्ट सांगतो. काम मुंबईच्या एका एजन्सीला दिलं होतं. त्यांचा डिझायनर सगळी पानं सीडीवर घेऊन पेणला आला. माझ्या मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बघायचं ठरलं. मी वडिलांना, म्हणजे आप्पांना, आणि आत्याला घेऊन गेलो. आमच्या मूर्तींचे डोळे तीस वर्षं आत्याच आखत होती.

पडद्यावर गणपती आला. आम्ही सगळे खूश. आत्या मात्र पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मूर्ती आपलीच हाय. पण हे डोळे मी नाय आखले."

मला ओशाळल्यासारखं झालं. "अगो आत्या, तुझेच हायत. फोटो मीच काढलाय."

"नाय रे. माझा गणपती असा टक लावून नाय बघत. मायेनं बघतो."

डिझायनर खुर्चीतच वळला. "मावशी, बुबुळं मी कॉम्प्युटरवर जरा मोठी केलीत. उठून दिसावीत म्हणून. तुम्ही ओळखलंत कसं?"

आत्यानं हसून बोटानं हवेतच डोळा आखून दाखवला.

त्यानं तिथल्या तिथे मूळ फोटो लावला, आत्याला शेजारी बसवलं आणि प्रत्येक पान तिला विचारूनच पक्कं केलं. शेवटी म्हणाला, "फोटोखाली नाव काय टाकू?"

आमच्याकडे कारागिराचं नाव कधीच कुठे लिहिलं नव्हतं. मी कारखान्याचं नाव सांगणार, तोच आप्पा ताठ बसून म्हणाले, "माझ्या बहिणीचं टाका. आणि मोठ्या अक्षरात."