अ‍ॅप बिरूच्या नावावर

...आता तुम्हीच सांगा, मी बिरू, जल्म मेंढरामागं गेला, फोन आला तर कुठलं बटण दाबायचं ते बायकोला इचारतो, अन् पोलिसांच्या नोटिशीत लिवलंय, अ‍ॅप बनवणारा बिरू! तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस, पर त्या दिवसापासनं एकच सवाल डोक्यात फिरतोय... मालक कोण?

झालं काय, माझी नात दिपाली, शहरात उस्मानपुऱ्यात खोली करून शिकती, तिनं आपल्या मेंढपाळांसाठी अ‍ॅप बनवलं. चारा कुठं हाय, लांडगा कुठं दिसला, एकानं लिवलं की समद्यांना कळतं, अन् मधी कंपनी नाय, हापीस नाय, ह्याच्या फोनातनं त्याच्या, त्याच्यातनं तिसऱ्याच्या! मी म्हणलं, "बाई, मग मालक कोण?" हसली. "आबा, सगळेच! म्हणजे कुणीच नाय." लई भारी वाटलं तवा... पर अ‍ॅप चढवताना नाव मागितलं, अन् आमच्यात कळपात चौघांची मेंढरं असली तरी कळप थोरल्याच्या नावानं चालतो. पोरीनं मायेनं माझं नाव टाकलं. आधार कार्डासकट!

मग कुणीतरी त्यावर लिवलं, पाचोडच्या बाजारात पोरं पळवणारा आलाय. खाली फोटो पुंजारामचा. अहो, छत्र्या दुरुस्त करणारा माणूस तो! लोकांनी दोन्ही पाय मोडले त्याचे.

चौकीतल्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "मालक कोण?" दिपाली म्हणे, "सर, कुणीच नाही." "मग तो मजकूर काढून टाक." "सर, तो नऊशे फोनांत गेलाय, माझ्या हातात नाही." साहेबांनी टेबलावर हात आपटला, "हातात राहणार नव्हतं तर बनवलंस कशाला?" तिथनं भाईर पडून वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "बनवणाऱ्यावर जबाबदारी येते का, ते कोर्टात ठरेल, पण वर्षं जातील. बाबा, तुम्ही सरळ सांगा, मला काही माहीत नाही. तुम्ही सुटाल." मी सुटंन! अन् पोर? ती कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारी व्हायची?

केळी घेऊन पुंजारामला बघायला गेलो. पायांना सळया, तोंड भिंतीकडं. म्हणला, "आबा, लिवणारा घावत नाय, मारणारे शंभर. मी बोट कुणाकडं दाखवू? मालक कोण?" पाय मोडलेल्या माणसाला 'कुणीच नाय' म्हणवतं का हो?

दुसऱ्या दिवशी दिपालीला न सांगता चौकीत गेलो. "साहेब, मालक मी. मीच बनवलं." साहेब माझ्या पटक्याकडं बघत म्हणले, "कसं बनवलं?"

"हातानं."

हवालदार फिस्सकन हसला. साहेब नाय हसले. गप लिवून घेतलं, अंगठा घेतला, म्हणले, पोरीला आता साक्षीदार म्हणूनच बोलावू. जीव भांड्यात पडला बघा...

तर चौकीच्या दारात कुणीतरी माझा फोटो काढला. सांजंला दिपाली रडत दाखवाय लागली. त्याच अ‍ॅपवर, माझा फोटो, पटक्यासकट, अन् खाली लिवलंय, पोरं पळवणाऱ्यांचा म्होरक्या पकडला!

"काढ की ते," म्हणलं.

"नाय निघत, आबा."

तवापासनं बाजाराला बायको, कस्तुराबाईच जाती. मी आपला घरी, पाय सांभाळून बसलोय.