पेपरच्या सकाळचं सहावं ठिगळ

पंक्चर काढण्यात अख्ख्या गांधीबाग मोहल्ल्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी काढलेलं पंक्चर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच व्हायचं, ते सोडा.

माझी शिक्षणाची गाडी चौथीतच अडकली, पण बायकोचा मॅट्रिकचा पेपर होता. ती आठवडाभर म्हणत होती, "नवीन ट्यूब टाका." मी सायकलच्या जुन्या ट्यूबला सहावं ठिगळ लावलं अन् तिला कॅरिअरवर बसवून निघालो. अर्ध्या वाटेत हवा गेली.

"थांब वं, पाच मिनिटात काढतो!"

"गेट बंद होऊन राहिलं असंन तिकडं!"

पदर खोचून ती पळत सुटली. मागून मी सायकल ढकलत धावलो. ती शाळेच्या आत शिरली अन् चपराश्यानं गेट लोटलं.

मी गजातून ओरडलो, "पोचली ना? मंग नवीन ट्यूब काहून पाहिजे?"

धापा टाकत ती वळली.

"पायात तुमची ट्यूब नव्हती, म्हणून पोचली!"