सरासरीपेक्षा सुखी

मंडळी, ऐका! आज देवाच्या दारात एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका — घाई केली की माणूस खोटं बोलतो! प्रश्न असा: शेजाऱ्यापेक्षा मी बरा आहे, म्हणजे मी बरा आहे का?

हसताय! सोपा वाटतोय! अहो, शेजारी तापानं फणफणलाय आणि माझा ताप त्याच्याहून जरासा कमी — मग काय मी थंड पाण्यानं आंघोळ करून जेवायला बसू? पण बसतो, माउली, आपण खुशाल बसतो! त्याचा पोरगा नापास झाला, माझा काठावर पास — वाटा पेढे! त्याची म्हैस आटली, माझी चहापुरतं देते — झालं समाधान! देवानं ज्याला त्याला स्वतंत्र जीव दिला, आणि आपण त्याचं माप काढायला शेजारच्या अंगणात जातो.

बरं, आपण हे करतो ते आपल्या समजुतीनं. पण शिकलीसवरलेली माणसं हेच काम कॉम्प्युटरवर करतात! खोटं नाही सांगत. त्याचीच गोष्ट आहे. मृदंगवाले, जरा हात आवरा — ही गोष्ट वाजवायची नाही.

पंचगंगेच्या अलीकडं एक फाउंड्री होती. नाव घेत नाही — समोर कोण बसलंय मला काय ठाऊक! लोखंड वितळवायचं, रेतीच्या साच्यात ओतायचं, गाड्यांचे भाग काढायचे. त्या कारखान्यात माणसांचं खातं बघायला एक साहेब होता. सदानंद आडनाईक. साहेब म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे हो! कामगाराची बायको बाळंतपणाला अडली की स्वतःची गाडी काढणारा. कुणाच्या घरी माणूस गेलं की स्मशानात सर्वांत मागं उभा असणारा. घरी म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं स्वतःच्या हातानं करायचा आणि मग कामाला यायचा.

आता त्या कंपनीत दर वर्षी एक कागद निघायचा. समाधानाचा सर्व्हे! प्रश्न छापलेले — काम आवडतं का? वरिष्ठ नीट बोलतात का? काम करायची जागा चांगली आहे का? आणि प्रत्येक प्रश्नापुढं तोंडं काढलेली. एका टोकाला खदाखदा हसणारं, मग जरा कमी हसणारं, मग मधलं — आपलं जावई आल्यावर होतं तसं — आणि शेवटी रडकं. तुमचं मन जसं असेल त्या तोंडाखाली खूण करायची. कामगार त्याला म्हणायचे ‘तोंडांचा कागद’!

हे कागद पुण्याला जायचे. तिथं मापं काढणारी मंडळी बसलेली. ती काय करायची? इतर फाउंड्र्यांतली माणसं किती खूश, त्याची सरासरी काढायची. मग सगळ्या बाजारातल्या कंपन्यांची सरासरी काढायची. आणि या कंपनीला सांगायची — तुम्ही तुमच्या धंद्याच्या वर आहात, की खाली! म्हणजे वर्गात नंबर कितवा, ते कळलं. पण अख्खा वर्गच नापास असला तर? ते त्या कागदावर येत नाही, बाबा! ते कुठल्याच कागदावर येत नाही!

सदानंदाच्या आधी जो साहेब होता, त्याच्या वेळी मार्क सरासरीच्या खाली आले. कंपनीनं काय केलं? त्याला उचललं आणि पार परमुलखातल्या कारखान्यात नेऊन टाकलं. कामगारांनी हे बघितलं आणि त्यातून एकच अर्थ काढला — हा कागद आपल्यासाठी नाही, ही साहेबाची परीक्षा आहे!

इथं चूक झाली, मंडळी. पण किती मायेची चूक!

आता दुसरा माणूस आणतो. तातोबा खोत. फेटलिंगमधला सर्वांत जुना. फेटलिंग म्हणजे काय? ओतलेला भाग साच्यातून निघाला की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. ठिणग्या उडतात, आणि रेतीची बारीक धूळ उडते. ती डोळ्यांत जाते, नाकात जाते, आणि तिथून आत जाते. तोंडाला बांधायला फडकं, बाकी देवाचा हवाला! असा हा तातोबा गावच्या देवळात भजनाची चाल उचलायचा. त्यानं वरचा सूर धरला की चावडीवरची माणसं पत्ते खाली ठेवून देवळात यायची.

धूळ ओढून घेणारं यंत्र असतं, हे सदानंदाला ठाऊक होतं. तातोबा खोकतोय, हेही त्याला ऐकू येत होतं. यंत्र मिळावं म्हणून त्यानं वर लिहिलंही होतं. वरून उत्तर नव्हतं.

तेवढ्यात तोंडांचा कागद आला. जेवणाच्या सुट्टीत तातोबानं सगळ्यांना गोळा केलं.

"ध्यान दिऊन ऐका रं! समद्यांनी हसऱ्या तोंडाला खूण करायची. रडक्या तोंडाला कुणी हात लावला, तर माझ्याशी गाठ हाय!"

सर्जेराव म्हणून एक तरणा गडी होता. तो म्हणाला, "तात्या, आवंदा धूळ किती झालीया. जागा चांगली हाय का म्हणून इचारलंय, तितं तरी खरं लिवू की!"

"धूळ ऱ्हाऊ दे. धूळ आपली रोजचीच हाय. असला सायेब रोज गावायचा न्हाई!"

आणि एकानं केली, दुसऱ्यानं केली — अख्ख्या फेटलिंगनं हसऱ्या तोंडाला खूण केली. खोकत खोकत केली हो!

निकाल लागला. धंद्यात पहिला नंबर! बाजाराच्याही वर! पुण्याला मोठ्या हॉटेलात सदानंदाला बोलावलं, शाल दिली, ढाल दिली. परत आल्यावर त्यानं खात्याखात्याचे मार्क बघितले. सर्वांत सुखी खातं कुठलं? फेटलिंग!

तो खाली गेला. ग्राइंडरच्या आवाजात तातोबाला बाजूला घेतलं. "तात्या, हे खरं आहे का?"

तातोबानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि लहान पोरासारखा हसला. "सायेब, तुमी काळजी करू नगासा. आमी हाय की!"

आता सदानंदानं काय करायचं? सांगा बरं! वर कळवायचं, की ही तोंडं मायेपोटी हसलीत, हा निकाल खरा नाही. पण कळवलं तर बदली. आणि बदली झाली तर त्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला कुठं न्यायचं? आणखी एक विचार त्याच्या मनात आला — आणि हा विचार फार गोड असतो, माउली, यानं भल्याभल्यांना फसवलंय — ‘आता एवढा मान मिळालाय, मागेन ते मिळेल. याच जोरावर यंत्र आणतो!’ म्हणून तो गप्प बसला.

बैठक भरली. सदानंदानं यंत्राची गोष्ट काढली. मोठे साहेब काही दुष्ट नव्हते बरं का! गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "आडनाईक, तुमचाच अहवाल बघा ना. आपल्या धंद्यात असलं यंत्र कुणाकडं आहे? जवळजवळ कुणाकडंच नाही. तरी त्यांच्यापेक्षा आपली माणसं सुखी. आणि आपल्यात सर्वांत सुखी फेटलिंग! जिथं दुखत नाही तिथं मलम कशाला लावायचं?"

आणि सर्वांत कमी मार्क कुठं पडले होते, ठाऊक आहे? ऑफिसात! एसीचा आवाज येतो म्हणे. कॉफी पांचट लागते म्हणे. त्यांनी बिचाऱ्यांनी खरं लिहिलं होतं. मग काय — कॉफीचं मशीन आलं! चांगलं परदेशी, बटण दाबलं की फेस येणारं!

हसा, हसा. मी पण हसलो होतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा.

सदानंदाच्या ओठांवर आलं होतं — साहेब, ती हसरी तोंडं खोटी आहेत. समोर टेबलावर ती ढाल ठेवलेली. बाजूचे लोक त्याच्याकडं कौतुकानं बघतायत. त्यानं शब्द गिळला. एवढासा शब्द, मंडळी! पण गिळलेला शब्द पोटात मुकाट पडून राहत नाही. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

आणि तिकडं देवळात काय झालं? तातोबानं वरचा सूर सोडला. म्हणाला, तुमीच धरा आता. मग चाल उचलायचं सोडलं, नुसता टाळ घेऊन बसायला लागला. मग टाळही जड झाला. मग त्याची जागा रिकामी राहायला लागली. मग कामावर यायचंही थांबलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि घरच्यांना बाहेर बोलावलं. फुप्फुसं धुळीनं भरलेली. औषध नाही.

सदानंद भेटायला गेला. दुपारची वेळ. तातोबाला आडवं होता येईना, म्हणून भिंतीला उशा लावून बसवलेलं. शेजारी हवेची टाकी, नाकाला नळी. बायको हौसाबाई वारा घालत होती. साहेब आले म्हणून ती चहाला उठली — अशा घरातसुद्धा चहाला उठली हो!

तातोबा एक एक शब्द तोडून बोलायचा. "सायेब... त्या यंत्राचं... काय झालं? पोरं अजून... तितंच हायती."

मंडळी, सांगता आलं असतं की, येतंय, पुढच्या महिन्यात येतंय. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं. मी असतो तर तेच सांगितलं असतं. पण सदानंदाला ते जमलं नाही. त्यानं तातोबाचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. हसऱ्या तोंडांमुळं यंत्र नाकारलं, हे सांगितलं. आणि मला ठाऊक असून मी गप्प बसलो, हेही सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरेना.

तातोबानं नाकाची नळी सारखी केली. टाकीतली हवा तेवढी वाजत होती. मग म्हणाला, "म्हंजे... मीच सांगितलं... पोरांस्नी... हसऱ्या तोंडाला खूण करा म्हून."

"नाही तात्या! पाप माझं आहे!"

तातोबानं मान हलवली. दम घेतला. आणि म्हणाला, "मग परत इचारा की!"

"काय?"

"परत इचारा... आमास्नी. नीट इचारा."

सदानंदाला आधी कळेना. मग कळलं. कागद नाही, तोंडं नाहीत, खूण नाही — त्यानं त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "तात्या, कसं आहे तुमचं?"

आणि तातोबा खोत, जो बायकोलासुद्धा कधी बोलला नव्हता, तो म्हणाला, "लई तरास हाय सायेब. लई तरास हाय. मराण बरं, असं झालंया."

दारात हौसाबाई कप घेऊन उभी होती. तिथंच खाली बसली.

थोड्याच दिवसांत तातोबा गेला.

पुढच्या वर्षी तोंडांचा कागद आला. सदानंद स्वतः फेटलिंगमध्ये जाऊन उभा राहिला. ग्राइंडर बंद करायला लावले. म्हणाला, "मला वाचवू नका. तुमच्या पाया पडतो, मला वाचवू नका! तात्याला वाचवायचं होतं, ते मला जमलं नाही. आता जे आहे ते लिहा."

सर्जेरावानं विचारलं, "आनि तुमचं काय हुईल सायेब?"

"व्हायचं ते होईल."

लिहिलं त्यांनी. रडत रडत रडक्या तोंडाला खुणा केल्या. कंपनी धंद्याच्या खाली गेली, बाजाराच्या खाली गेली, तळाला जाऊन बसली! वरच्यांची धावपळ उडाली. यंत्र आलं! आलं, बरं का! पण त्याच्या आधी सदानंदाच्या बदलीचा हुकूम आला. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तो परमुलखात गेला. वडील तिथंच वारले. खांदा द्यायला आपल्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं.

मग महाराज, खरं वागण्याचं फळ हेच का? — मला विचारू नका! त्याला ज्यानं पाठवलं त्याला विचारा, तो मागं कमरेवर हात ठेवून उभा आहे! मला एवढंच ठाऊक आहे, की फेटलिंगमधली पोरं आज तोंडावरचं फडकं काढून श्वास घेतात.

आता माझं काम झालं, तुमचं राहिलं.

या गावातले फाउंड्रीला जाणारे किती आहेत? हात वर करा. लाजू नका, देवाचं दार आहे. शाब्बास! पुष्कळ आहेत की!

आता त्यातले खोकला असलेले किती? हात वरच ठेवा. जिना चढताना दम लागतो, असे किती?

अरे! हात खाली का घेतले?

बायको पलीकडं बसलीय म्हणून? आईला घोर लागेल म्हणून? का शेजारचा माझ्यापेक्षा जास्त खोकतो म्हणून? थांबा, टाळ उचलू नका! आज गजर होणार नाही. देव थांबेल, त्याला सवय आहे. मी परत विचारतो, नीट विचारतो. कसं आहे तुमचं?

...तो बघा. खांबापाशी एक हात वर आला. माई, रडू नका, त्याला बघू द्या तुमच्याकडं. आणखी एक. तिकडं मागं आणखी एक. वर ठेवा, बाबांनो, खाली घेऊ नका. आता घ्या देवाचं नाव.