मागच्या आवारातली स्कूटर

हॅलो?… हो, मीच. बोल धाकटे… अगं, पोलिसांवर नागरिकांची देखरेख हा लोकशाहीचा कणा आहे, आणि तो कणा सकाळपासून मोडक्या खुर्चीवर बसून आखडलाय… हो, प्रशिक्षण केंद्रातूनच बोलतेय. परीक्षा होती ना!… माझी कसली? शिपायांची! आम्ही देखरेख समितीवाल्यांनी खोटे तक्रारदार व्हायचं, त्यांनी तक्रार लिहून घ्यायची… अगं ऐक ना!

तो पुटपुट्या आठवतो?… तोच, दोन लेकरांचा बाप, बोलतो ते फक्त त्याच्या कॉलरला ऐकू येतं. दोनदा नापास. आज तिसरी खेप. आजही नापास झाला असता तर गाशा गुंडाळून घरी… हो ना, आणि मार्क माझ्या हातात!

मला कागद दिलेला, हरवलेल्या सायकलीची तक्रार करा म्हणून. आणि चष्मा घरी!… हसू नकोस. मग काय, आपली स्कूटरच सांगितली… तीच गं, तीन वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हा चौकीत कोणी 'बसा'सुद्धा म्हटलं नव्हतं. हा म्हणाला. पाणी दिलं. आणि मग विचारतो कसा, "मावशी, डाव्या आरशाला लाल रिबीन होती का?"

…हो, हो! तूच बांधलेली!… नंबरचे पहिले दोन आकडे मी सांगितले, पुढचे दोन त्याने. असा खणखणीत, की खिडकीतलं कबुतर उडालं!

…कसं म्हणजे? पुटपुटला की त्याला शिक्षा, मागच्या आवारात दहा फेऱ्या. रस्त्यावरून उचललेल्या गाड्या तिथेच आणून टाकतात. सहा महिने पळतोय बिचारा, एकेक नंबर पाठ!… चोरी कसली डोंबलाची? मीच दवाखान्याच्या फाटकात लावली होती म्हणे, म्हणून पोलिसांनीच उचलली…

पास! अगं पास म्हणजे काय, वर शेरा दिला, 'आवाज उत्तम.' त्याने लगेच बायकोला फोन लावला, मलाही दिला. ती रडतेय, मी रडतेय, आणि हा मध्ये ओरडतोय, "रडू नका!" आता आवाज खाली येईना त्याचा…

काय?… तीन वर्षं कुणालाच कशी दिसली नाही?… अगं, त्या आवाराची तपासणी समितीकडे असते… दर महिन्याला. वहीत आहे ना, 'मागचे आवार पाहिले, समाधानकारक.' छत्तीस वेळा… सही?…

माझीच… चिखल असतो गं तिथे, मी दारातूनच बघायचे… चल, ठेवते. बस आली.