मधे बोलायचं नाही

आई : म्हणजे उद्या तू जाणारच नाहीस?

ठकू : नाही. मॅडमना तसं कळवून टाकते. त्या बाईची जबानी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. वर्गात काय मी एकटीच आहे?

आई : मानवी हक्क काय, आंतरराष्ट्रीय संबंध काय, अख्ख्या जगाची उठाठेव करायला एम.ए.ला बसलीस. आणि एका बाईसमोर बसायचं म्हटलं की पाय लटपटतात?

ठकू : आई, माझ्यामुळे तिचं नुकसान झालंय.

बाबा : झ... झालं काय, ते त...

आई : ते तरी सांग, म्हणतायत.

ठकू : आमच्या विभागाचं मदत केंद्र आहे ना, तिथे दुसऱ्या वर्षाला आम्हाला खऱ्या माणसांच्या जबान्या लिहून घ्याव्या लागतात. ही बाई सीमा ओलांडून आलीये. तिला इथे आसरा हवाय. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते, एकेका शब्दाला अडते. केंद्राकडे दुभाषी कुठला? मी विचारलं, घर का सोडलंत? म्हणाली, "त्या दिवशी ते आले..." आणि अडली. मी म्हटलं, "सैनिक?" ती म्हणाली, हो. "घर पेटवलं?" हो. "म्हणून पळालात?" हो, हो. इतकी सुरेख जबानी झाली म्हणून सांगू! कुठे खाडाखोड नाही.

आई : मग बिघडलं कुठे?

ठकू : आसरा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर. तिथे दुभाषी होता. बाई स्वतःच्या भाषेत बोलली, तर म्हणाली, सैनिक नव्हतेच. शेजारी होते. तिची मुलं ज्यांच्या घरात खेळून मोठी झाली, ते. अधिकारी म्हणाला, ही दर वेळी वेगळंच सांगते, खोटारडी दिसते. मॅडमनी हातापाया पडून नव्या जबानीची परवानगी मिळवलीये. एकदाच, आणि उद्याही केंद्रात दुभाषी नाहीच. तीही फिसकटली तर तिला परत पाठवतील. परत कुठे, तर त्याच शेजाऱ्यांत.

आई : अगं, पण तिने तेव्हाच का नाही सांगितलं?

ठकू : मी विचारलं ना तिला. म्हणाली, "तू इतक्या मायेने सांगत होतीस, मला वाटलं इथे असंच म्हणायचं असतं."

आई : अरे देवा.

ठकू : आणि एवढं होऊन उद्यासाठी तिने मलाच मागितलंय. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

आई : लोकांच्या तोंडातलं वाक्य पुरं करायची ही खोड तुला लागली तरी कुठून?

बाबा : घ... घ...

आई : घरातूनच! कळलं, कळलं.

ठकू : बघ, बघ! हेच मी तिथे केलं. बाबा अडले की आपण दोघी धावतोच. मी तर आपल्या चष्म्याच्या दुकानातही सोडायचे नाही. बाबा गिऱ्हाइकाची नजर तपासायचे, ते तक्त्यावरच्या अक्षराला अडलं की मी मागून हळूच सांगायचे. जन्मात एकदाच बाबा माझ्यावर ओरडले, ते तेव्हा.

बाबा : नं... नंबर चुकतो.

ठकू : तिचाही चुकवला मी, बाबा.

बाबा : ब... बस. समोर. मी त... ती बाई.

आई : सराव करू म्हणताय—

ठकू : आई!

आई : बरं बाई. तोंडाला कुलूप.

ठकू : बनवून सांगायचं नाही हं बाबा. खरंच घडलेलं सांगा. नाहीतर मधे न बोलणं मला अवघड जाणारच नाही. काय विचारू? हां. तुम्ही शाळा का सोडलीत?

बाबा : मु... मुलं...

ठकू : चिडवायची. अरेरे, गेलं! परत सांगा.

बाबा : मुलं... चि... चिडवायची नाहीत.

आई : अहो, असं काय करता? सासूबाई तर सांगायच्या, पोरांनी नुसता छळ मांडला होता म्हणून! बरं. राहिलं.

बाबा : म... मास्तर. फार चांगले होते. मी हात वर केला की... त्यांना द... दया यायची. मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर... तेच देऊन टाकायचे. वर मला म्हणायचे, श... शाबास.

ठकू : ...

बाबा : उत्तर ब... बरोबर असायचं. पण माझं न... नसायचं. मग मी हात वर करायचं सोडलं. न... नंतर शाळा.

आई : इतकी वर्षं संसार केला, कधी बोलला नाहीत.

बाबा : ब... बोलायला घेतलं होतं. दो... दोनतीनदा.

ठकू : आणि आम्ही दोघींनी ते पुरं केलं. बाबा, मला फार वाईट वाटतंय.

बाबा : र... रडू नको. मायेनेच केलंत. त्या बाईलाही म... माया कळली. म्हणून तर तुलाच ब... बोलावतेय.

ठकू : उद्या पुन्हा जीभ वळवळली तर?

बाबा : आत्ता... शेवटी नाही वळवळली.

ठकू : फार जड गेलं हो. ओठ दाबून धरले होते. पण तुम्ही काय सांगणार आहात ते मला खरंच माहीत नव्हतं. आजवर मला वाटायचं, मला ठाऊक आहे.

आई : मग जाणार ना उद्या?

ठकू : जाते. मॅडमना सांगते, वेळ जास्त लागेल, घाई करू नका म्हणून.

आई : हं, आता कसं! थांबा, चहा टाकते सगळ्यांना. नाही, नाही. अहो, तुम्हाला काय हवंय?

बाबा : क...

आई : मी थांबलेय हं. सावकाश.

बाबा : क... कॉफी.

आई : कॉफी? कमाल झाली! लग्न झाल्यापासून मी या माणसाला चहा पाजतेय, आणि हा माणूस—

ठकू : आई, मधे बोलायचं नाही.

बाबा : उ... उद्या मी...

(दोघी थांबतात. गॅसवरचं पाणी उकळून निम्मं होतं.)

बाबा : उद्या मी येतो तुझ्याबरोबर. ब... बसस्टॉपपर्यंत. जरा लवकर निघू. वाटेत मी बोलणार आहे.