कुसळांची वाट

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर पांढरा, केसाळ कुत्रा. पलीकडच्या गृहस्थांना राहवेना.

"आजी, याच्या अंगभर कुसळं चिकटलीत."

"चिकटणारच. रानातून फिरवून आणलंय कापसाला."

"कानात गेलं एखादं तर?"

"म्हणून तर इथे येते. कान आणि पंजे डॉक्टर साफ करतात. बाकीची कुसळं घरी न्यायची."

"त्यापेक्षा केस बारीक करून टाका. डोक्याचा ताप जाईल."

"कात्री लावायची नाही. संध्याकाळी आमचे हे त्याला पुढ्यात घेऊन बसतात आणि एकेक कुसळ वेचतात."

"हौशी दिसतात."

"हौस कसली? कुत्रा नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. व्यायामाला रबरी चेंडू आणून दिला, तर भिंतीवर भिरकावला. डाव्या हाताने."

"मग कुसळं कशी काढतात?"

"उजव्या हाताने. डाव्याने कापसाला धरावं लागतं, नाहीतर तो पळतो."

"जमतं?"

"आधी एक निघता निघत नव्हतं. काल सदऱ्याचं बटण स्वतः लावलं."

"वा. पण आजी, तळ्याकाठून न्या की याला. तिथलं गवत कापलेलं असतं, एक कुसळ लागायचं नाही."

"माहीत आहे. हात पुरता सुटला की तिघंही तिकडूनच जाणार आहोत."